आक्काता, मजला तीन

सोमवार. शिरोलीत पाळी नसते.
धुणं वाळत घालून इंद्रजितचं कपाट आवरायला घेतलं,
मोज्यांच्या मागं सापडलं ते:
साबणाच्या वडीपेक्षा मोठं, विटेपेक्षा लहान,
दोन्ही अंगाला बटणं, मधे काच.
चाकणला जाताना चार्जरसकट विसरला,
किंवा विसरला नाही.

चालू केलं तर आधी नाव मागितलं.
आपलं कशाला द्या यंत्राला,
आईचं दिलं: आक्काताई.
इंग्रजीत सहाच अक्षरं मावतात.
आक्काता झाली.
आय मावली नाही, ती बाहेर राहिली,
चपलांपाशी.

मग अंधार. पन्हाळ्याच्या अंधारबावीत उतरताना
पायाला लागतो तसला,
पुढच्या पायरीची खात्री नसलेला.
हातात मशाल, मशालीवर आकडा: ऐंशी.
एक पाऊल, एकोणऐंशी.
टाकलं पाऊल की तेवढीच फरशी उजळते
आणि कोपऱ्यात नकाशा
धावदोऱ्यासारखा एकेक टाका पुढं सरकतो.

पहिल्या मजल्यावर घूस आली, मी मारली.
दुसरी आली, तिनं मारलं.
परत सुरू. एक पेटी दिसली, पितळी कडीची,
उघडली तर पेटीलाच दात.
‘आता गं बया!’ एवढ्या मोठ्यांदा म्हणाले
की शेजारनं मालुताईनं भिंतीवर थाप दिली.
मेलं की पुन्हा पहिला मजला,
आणि तोही तोच नाही.
भिंती हललेल्या, जिना भलतीकडं,
मागच्या मरणात शिकलेलं अर्धंच कामाचं.
हा कायदा मला ओळखीचा वाटला.

फाउंड्रीत मी कोअर भरते.
लोकांना लोखंड दिसतं, मी आतली पोकळी करते.
इंजिनाच्या पोटात पाणी जिथनं फिरणार
ती वाट आधी वाळूची असते,
साच्यात ठासलेली, भाजलेली.
तिच्याभोवती रस ओततात,
गार झाल्यावर वाळू ठोकून काढतात,
वाट उरते.
एकोणीस वर्षं वाटा केल्या,
एकीतनंही चालले नव्हते.
आता तिसऱ्या मजल्याचा नकाशा बघताना
बोटंच बोलली:
ही भिंत पातळ झाली, इथं तडा जाणार,
इथं हवेला भोक ठेवलं नाही कुणी.

दुपारी भलतंच बटण दाबलं गेलं,
तीन कप्पे निघाले. मधल्यात मी.
वरच्यात: इंद्या, मजला सव्वीस,
दोनशे चौदा तास.
मला तास पाळ्यांतच कळतात.
पावणेसत्तावीस पाळ्या.
बारावीच्या साली त्याच्या दाराखालनं
निळा उजेड यायचा. अभ्यास चाललाय, म्हणायचे.
मी रात्री साडेअकराला यायचे,
ताट झाकलेलं तसंच.
भूक नव्हती, म्हणायचा.

उघडला त्याचा कप्पा. हलवलं काही नाही,
फक्त पिशवी बघितली.
पाव, एक्केचाळीस. एकही न खाल्लेला.
मशाल दोन पावलांची.
पुढं खाली जाणारा जिना दिसत होता.
फरश्या मोजल्या. तीन.
पुन्हा मोजल्या.

झोपलेल्याच्या खोलीचं दार ओढून घ्यावं
तसा बंद केला.

संध्याकाळी फोन आला. जेवलास का, विचारलं.
हो म्हणाला. काय, तर वडापाव.
‘पाव साठवून ठेवू नगंस रं.’
तिकडं गप्प. मागं कुणाची तरी बादली वाजली.
मग हसला, लांबून.
‘कुठल्या मजल्यावर हाईस?’
‘तीन. घुशी लई हायत.’
‘पेटी दिसली तर उघडू नको, आई.’
‘उघडली.’